बिनफोडणीचे दिवस

माझ्या नातसुनेनं स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारं एक यंत्र बसवलं आहे. बटण दाबलं की ते घोंघावत राहतं आणि फोडणीचा सगळा वास, सगळा ठसका पाइपातून बाहेर, सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात. शेजारच्या बाईला कळत नाही आमच्याकडे आज काय शिजलं, आणि आम्हाला तिच्याकडचं कळत नाही. "आजी, किती स्वच्छ वाटतं ना?" असं ती विचारते. मी म्हणते, हो बाई. उगाच वाद कशाला घालायचा! पण मनात म्हणते, अगं पोरी, ज्या घरातून वास येत नाही त्या घराबद्दल आमच्या गल्लीत काय समजायचे, हे तुला ठाऊक असतं तर ते यंत्र तू स्वतःच्या हातानं उचकटून फेकलं असतंस.

आमचं गाव नंदुरबारपासून दमणीनं दोन तासांवर. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, वर ताडपत्रीचं छत. घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, एकाला एक चिकटलेली, मधल्या भिंती सामाईक. वीज यायची होती. गल्लीत घड्याळ एकाच घरी आणि तेही बंद, त्यामुळे वेळ कळायची ती आवाजांवरून. पहाटे जात्याचा, मग बैलांच्या घुंगरांचा, आणि सूर्य वर आला की घराघरातून फोडण्यांचा. त्यात माझ्या मायची फोडणी गल्लीत प्रसिद्ध होती. उडदाची डाळ शिजवून घोटून ठेवायची, लोखंडी पळीत शेंगदाण्याचं तेल तापवायचं, ठेचलेला लसूण अगदी लालबुंद होईपर्यंत थांबायचं, वर सुक्या मिरच्या, आणि जळतेय की काय असं वाटायच्या क्षणी ती पळी तश्शी डाळीत बुडवून वर झाकण दाबायचं. छन्न! असा आवाज व्हायचा की गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. मग एका मिनिटात समोरच्या घरातून काकूच्या शिंका ऐकू यायच्या. काकू म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. ती शिंकत शिंकतच मायच्या नावानं ओरडायची, "झायी व माय, कौसाबाईनी दाय झायी!" आणि आपल्या भाकरी उतरवायला घ्यायची. आमचा गोटू, माझा पाच वर्षांचा भाऊ, त्या झाकणाजवळ उकिडवा बसलेला असायचा. झाकण उघडल्यावर वाफ तोंडावर घ्यायचा त्याचा हक्क होता आणि तो कुणी मोडला तर तो दिवसभर फुगून बसायचा.

हा आवाज आमच्याकडे एकाच कारणानं बंद पडत असे. घरात मयत झालं की सुतकात फोडणी द्यायची नाही. पहिले काही दिवस तर चूलच पेटवायची नाही, भाऊबंदांच्या घरून झाकून आणलेलं अळणीसं जेवण जेवायचं. त्याला कडू घास म्हणतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तिथं वाढणाऱ्या पोरीला ते आपोआप ठाऊक असतं. मला चौदावं संपत आलं होतं, आठवीत होते, वर्गात पहिली येत होते. आणि तरी मी जे केलं ते केलं. शहाण्या पोरींच्या डोक्यात कधी कधी नको तेवढं शहाणपण शिरतं, दुसरं काय!

मायच्या मानेत गाठी झाल्या होत्या. आधी हरभऱ्याएवढी एक, मग बोराएवढ्या तीन. लेप झाले, काढे झाले, मग आबा तिला धुळ्याला घेऊन गेले आणि तिथून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात. आबा म्हणजे माझे वडील. दणदणीत आवाजाचा माणूस, शेताच्या या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाचा सालदार दचकायचा. पण कुणाला ठेच लागून रक्त आलेलं पाहिलं की भिंतीला टेकायचा. तीन आठवड्यांनी दोघं परत आले तेव्हा आबांच्या हातात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं. त्यात कापसात गुंडाळलेल्या सहा छोट्या बाटल्या, आत पांढरी पूड. सोबत इंग्रजी चिठ्ठी. घरात इंग्रजी अक्षरं लावून वाचणारी मी एकटी. मी ती चिठ्ठी वाचली आणि रोगाचं नाव मला कळलं. मी ते कुणाला सांगितलं नाही. नंतर समजलं की आबांना माहीत होतं, मायला माहीत होतं, आणि आम्ही तिघं एकमेकांपासून तेच लपवत होतो.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मोजकं बोलणारे, चष्म्यावरून बघणारे. म्हणाले, "दर सोमवारी एक बाटली, पाण्यात कालवून शिरेत द्यायची. सहा सोमवार. उलट्या होतील, खूप होतील. केसही जातील. पाणी भरपूर पाजा. आणि काही झालं तरी सोमवार चुकवायचा नाही, एकदा खंड पडला की केलेलं सगळं वाया." माय खाली बघून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "सहा म्हंजे सहाच ना?" डॉक्टर म्हणाले, सहाच. ती म्हणाली, मंग व्हई जाई.

पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी तिनं घराची अशी काही तयारी केली की पाहुण्याला वाटावं लग्न आहे. पीठ दळून डबे भरले, मिरच्या देठं काढून ठेवल्या, लसणाच्या पाकळ्या सोलून वाटीत, गोटूच्या चड्ड्यांना नाड्या घातल्या. मग मला चुलीसमोर बसवलं. "आयक सुमे. सुई लिधी का मी दोन-तीन दिन पडी ऱ्हासू. मी पडसू ते चाली, पन घर पडाले नको. फोडनी रोज व्हवाले पाहिजे. मन्हं दार लाई ले, पन पोरेसले बिनफोडनीनं देवानं नही. सांगी ठेवस." मी म्हटलं, हो. इतकं सोपं होतं ते, तेव्हा.

सोमवारी पहाटे दमणी गेली आणि दुपार कलताना आली. माय स्वतःच्या पायानं उतरली, ओसरीवर बसली, गोटूला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "काहीच नही व्हयनं व, उगाच घाबराडी दिधं त्यासनी." आम्ही सगळे हसलो. आबा तर इतके खूश की त्यांनी बैलांना गूळ चारला. दिवे लागायच्या सुमारास तिला पहिली उलटी झाली. त्यानंतर किती झाल्या ते मी मोजायचं सोडलं. पोटात काही नव्हतं तरी होत होत्या. हिरवं, पिवळं पाणी, आणि मध्ये मध्ये नुसतीच उमळ, सगळं अंग आतून पिळून काढल्यासारखी. मी तांब्या तोंडाला लावायची, ती दोन घोट घ्यायची आणि तीन घोट बाहेर टाकायची. डॉक्टरांनी पाणी पाजा म्हटलं होतं ना, म्हणून ती पुन्हा तांब्या मागायची. "दे. पाच मिनिट ऱ्हायनं पोटमा, तितलं ते कामनं." आबा दारात यायचे, बघायचे, आणि गोठ्यात जाऊन बैलांच्या मधे उभे राहायचे. मी एकदा त्यांना बोलवायला गेले तर ते बैलाच्या वशिंडावर कपाळ टेकून उभे होते. मी तशीच परत आले.

मंगळवारी सकाळी मी ठरल्याप्रमाणे डाळ घोटली, मायच्या खोलीचं दार लावलं आणि पळी तापवली. छन्न झालं. आणि दाराआडून जो आवाज आला तो मी आज इतक्या वर्षांनीही विसरलेले नाही. मी आत धावले तर माय खाटेच्या कडेला लोंबकळत होती, तोंड घमेल्यात, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. तेल-लसणाचा वास दाराच्या फटीतून आत शिरला होता. ज्या वासावर आमचं घर उभं होतं तोच तिला मारत होता. ती मान वर करून म्हणाली, "काही नही. झाकन दाब नीट." मी चूल विझवली, डाळीचं पातेलं उचललं, वर ताट झाकलं आणि समोर काकूकडे गेले. चुलीजवळ बसून मला हुंदकेच फुटले. काकू म्हणाली, "कसाले इतला घोर करस, माय? मन्हा चुल्हावर कर सयपाक. आठेच फोडनी दे, आठून ली जाय." तीही पुढे तिच्या घरात फोडणी द्यायची ती मागच्या परसातल्या चुलीवर, गल्लीच्या उलट्या बाजूला, वास आमच्याकडे येऊ नये म्हणून. किती चांगली बाई! आणि आम्ही दोघी किती मूर्ख!

झालं. त्या दिवसापासून आमच्या घराचा आवाज बंद झाला. चुलीवर फक्त पाणी तापायचं. दोन वेळा मी समोरच्या घरातून पदराखाली झाकलेली भांडी घेऊन गल्ली ओलांडायची, डोळे लाल, मान खाली. ओसरी झाडायचं राहायचं, सडा घालायचं राहायचं. गोटू तेवढा कुरकुरायचा. ताट पुढे ढकलून विचारायचा, "सुमाताई, दायनं छन्न कोठे गयं?" मी त्याला गप्प करायची. गुरुवारी मायला जरा बरं वाटत होतं, ती डोळे मिटूनच म्हणाली, "आज फोडनीना आवाज नही उना व?" मी सांगितलं, तू झोपलेली होतीस. आयुष्यात मी मायशी फार खोटं बोलले नाही, जे थोडं बोलले त्यातलं हे एक.

शुक्रवारी कासारीण आली. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी ही बाई दर महिन्याला आमच्या ओसरीवर बसायची, पाणी प्यायची, मायला चार गावच्या खबरा सांगायची. त्या दिवशी मी काकूकडून झाकलेलं जेवण घेऊन येत होते आणि माय नुकती कुठे झोपली होती. कासारणीनं तोंड उघडायच्या आत मी तिला ओठांवर बोट ठेवून हातानं जा म्हणून सांगितलं. तिनं माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. भांड्यावरच्या ताटाकडे पाहिलं. न सारवलेल्या ओट्याकडे पाहिलं. नाकानं एकदा हवा ओढली. पेटी न उतरवता ती तशीच मागे फिरली, आणि मला बरं वाटलं की चला, समंजस आहे बाई, कळलं तिला. आमच्या गावाहून तिचा पुढचा मुक्काम असायचा रनाळ्याला. रनाळे म्हणजे मायचं माहेर.

शनिवारी वेगळंच त्रांगडं झालं. आबांनी सांगून टाकलं की ते सोमवारी जाणार नाहीत. ओसरीवर बसून, खाली मान घालून, त्या दणदणीत माणसानं अगदी बारीक आवाजात सांगितलं, "मी सोमवारे दमनी जुपाव नही. रोगनं जे व्हई ते व्हई. तिले ती सुईच मारी टाकी. मले नही देखावत आते." मी डॉक्टरांचं बोलणं आठवून म्हटलं, आबा, खंड पडला तर सगळं वाया जाईल म्हणाले होते ना ते? आबा माझ्यावर खेकसले, तू गप. पाठीमागे दार वाजलं. माय भिंत धरून उभी होती. पाच दिवसांत तिचं लुगडं दोन वेटोळी जास्त घ्यायला लागलं होतं. ती आबांशी कधी समोरासमोर वाद घालत नसे, आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. ती माझ्याकडे बघून आबांना बोलली. "सांग तुन्हा बापले. गोटू पाच वरीसना शे. आते मी गयी ते त्याले मन्हं तोंड बी याद ऱ्हावाव नही. सहा सुया सांग्यात ना डाक्टरनी? मंग सहा." आबा उठून गोठ्यात गेले. माय मला म्हणाली, पाणी दे. पाणी प्यायली, ओकली, पुन्हा मागितलं.

म्हणजे बघा, रविवार उजाडला तेव्हा आमच्या घरात असं होतं: आई जाणार म्हणते, वडील गाडी जुंपणार नाही म्हणतात, आणि दोघांच्या मधे मी, जिला वाटत होतं की तिची एक गोष्ट तरी बरोबर चालली आहे, वास बंद ठेवण्याची.

ऊन चांगलं वर आलं होतं. मी मायचे पाय चेपत होते. गावच्या वेशीकडून रडण्याचा आवाज यायला लागला. आमच्याकडे बाया दारवर येतात तेव्हा, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, गाड्या गावाबाहेर सोडतात आणि तिथूनच गळा काढत चालत येतात, म्हणजे सगळ्या गावाला कळतं कुणाच्या घरी आल्या. आवाज जवळ येत होता. माय डोळे उघडून म्हणाली, "कोन मरी गयं व?" मी म्हटलं, काय माहीत, कुणीतरी खालच्या आळीतलं असेल. आवाज आमच्या गल्लीत वळला. त्यातला एक आवाज इतरांपेक्षा उंच होता, चिरका, नाकातला. मायनं मान उचलली. "आक्काना आवाज शे," ती म्हणाली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी मावशी. आणि मग शब्द स्पष्ट ऐकू आले.

"मन्ही कौसा वंऽऽ! मले सोडीसन कोठे गयी वंऽऽ! तुन्हा हातनी दाय आते कोन वाढी वंऽऽ!"

माय पांढरीफटक पडली. आपल्या नावानं काढलेला गळा जिवंतपणी ऐकणं म्हणजे काय असतं, हे मला विचारू नका, मी फक्त तिचा चेहरा पाहिला. क्षणभर मला वाटलं, ही आता खरंच जाते. बाहेर मावशी एकेक आठवण काढून रडत होती, आमच्याकडे तसंच रडतात. या दोघी बहिणींमध्ये दोन वर्षं अबोला होता. त्यांच्या आईचं तांब्याचं घंगाळ कुणाकडे राहावं यावरून. मावशीनं तेही रडण्यात घेतलं. "घंगाय लई जाय वं मन्ही बहीन, मले नको ते घंगाय वंऽऽ!"

मायच्या तोंडावर रंग परत आला. ती कोपरावर उठली आणि मला दबक्या आवाजात म्हणाली, "आयकं का सुमे? घंगाय दी ऱ्हायनी ती!" देवाशप्पथ सांगते, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. मग ते हसू गेलं. तिनं नाकानं हवा ओढली, अगदी कासारणीनं ओढली होती तशी, आणि माझ्याकडे पाहिलं. "फोडनी बंद करी का तू?" मी मान हलवली. "कवयपासून?" मंगळवारपासून, मी म्हटलं. मला वाटलं ती मारेल. तिनं हात पुढे केला. "मले उठाड."

मी म्हटलं, माय, तू झोप, मी जाऊन सांगते त्यांना. ती म्हणाली, "सांगाथून काय व्हस? उठाड म्हनस ना!" मी तिला धरून चुलीपर्यंत नेलं. पाण्याखालचे निखारे होते, ते तिनं पुढे ओढले. पळी ठेवली, तेल ओतलं, लसूण टाकला. मग मिरच्यांच्या डब्यात हात घातला आणि एकेक मोजून हातात घेतली. सहा. एवढ्या मिरच्या तर आम्ही चौघांच्या दोन दिवसांच्या डाळीला घालत नव्हतो. तिनं पदराची चौघडी करून नाकातोंडावर बांधली. चुलीजवळ तिच्यासाठीच मी काकूकडून करून आणलेलं अळणी डाळीचं पाणी होतं, आजारी माणसाचं, पिवळं, पातळ. लसूण लाल झाला तरी ती थांबली. मिरच्या काळ्या व्हायला लागल्या तरी थांबली. बाहेर बाया ओसरीच्या पायरीशी आल्या होत्या. मग तिनं पळी बुडवली आणि झाकण मारलंच नाही.

छन्न! गोटू कुठून तरी धावत आला आणि टाळ्या पिटायला लागला. धूर खोलीभर झाला, दारातून ओसरीवर गेला, धाब्याच्या भोकातून गल्लीभर झाला. पहिल्यांदा एक बाई खोकली. मग दुसरी. "मन्ही कौसा वं" म्हणता म्हणता मावशीला ठसका लागला आणि गळा मधेच तुटला. आठ-दहा बाया पदर तोंडाला लावून शिंकताहेत, खोकताहेत, रडणं राहिलं बाजूला! समोरच्या घरातून काकूच्याही शिंका ऐकू आल्या, पाच दिवसांनी. मावशी भडकली. ती ओसरी चढून तरातरा आत आली, डोळे पुसत, ओरडत. "कोन शे व ती निलाजरी? बहीन गयी मन्ही, आन घरमा फोडनी दी ऱ्हायनी?"

मायनं तोंडावरचा पदर खाली घेतला. हातात पळी तशीच होती. "मीच शे आक्का," ती म्हणाली. "ये. दाय झायी."

मावशी जागच्या जागी खाली बसली. एवढी धिप्पाड बाई, पण फतकल मारून बसली. मायनं पळी खाली ठेवली, शांतपणे घमेलं ओढलं, त्यात ओकली, तोंड पुसलं आणि तिच्यासमोर बसली. मग मावशीनं तिला छातीशी घेतलं आणि जे काही रडली! त्यात शिव्या होत्या, कासारणीच्या सात पिढ्या होत्या, घंगाळाचं नाव मात्र नव्हतं. बाहेर आबा रनाळ्याहून आलेल्या पुरुष मंडळींबरोबर दारात उभे होते. गोठ्यातून धावत आले होते, धोतराला शेण लागलेलं, आणि त्या ठसक्यानं की कशानं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

थोडं शांत झाल्यावर मावशीनं नाक पुसलं आणि मायला हळूच विचारलं, "कावया शिवना व्हता का तुले?" आमच्याकडची ही समजूत. माणसाला कावळा शिवला की ते मरणाचं लक्षण, आणि त्यावर तोड म्हणजे नातलगांना मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. त्यांनी खरं समजून खरं रडायचं. एकदा रडून झालं की यमाचा फेरा टळला, माणूस दीर्घायुषी. मी म्हणणार होते, नाही हो मावशी, ही सगळी माझी चूक. मायनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की मी जीभच चावली. तिनं एकदा दारातल्या आबांकडे पाहिलं आणि मावशीला म्हणाली, "हा. शिवना. परसू."

मावशी मोठ्यांदा म्हणाली, "मंग झायं व माय! इतल्या बाया इतल्या रडन्यात, आते काय व्हस तुले!" सगळ्या बाया माना डोलवायला लागल्या. माय भिंतीला टेकली. मग आयुष्यात पहिल्यांदा, पंधरा माणसांसमोर, ती आबांना सरळ बोलली. "रडनं झायं आते. सकाय दमनी जुपा."

आबांनी बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "जुपस."

रनाळ्याच्या बायांनी सोबत कडू घास आणला होता, मोठ्या पातेल्यात मऊ खिचडी, ना फोडणी ना तिखट. आता जिवंत बाईच्या घरी त्याचं करायचं काय, म्हणून त्या कानकोंड्या झाल्या. माय म्हणाली, आणा इकडे. तिनं स्वतःच्या मरणाचा तो घास वाटीत घेतला आणि बोटानं चाटत चाटत सगळा खाल्ला. आठवड्यात पहिल्यांदा काहीतरी तिच्या पोटात राहिलं. सहा मिरच्यांची ती डाळ आम्ही बाकीच्यांनी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी काढत. गोटूनं दोनदा मागितली.

सोमवारी दमणीत मावशी मायला धरून बसली, तांब्या हातात. दुसरी सुई झाली, तिसरी झाली. उलट्या होतच राहिल्या, केस गेले, ती डोक्याला आबांचा जुना फेटा फाडून बांधायची. पण फोडणी त्या रविवारनंतर एक दिवस चुकली नाही. मी तिच्या दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबायची आणि पळी बुडवायची. आतून उमळ ऐकू यायची, आणि ती थांबली की आवाज यायचा, "झाकन जरा उशिरा दाब! काकूले ऐकू गयं नही!" सहा सोमवार झाले. गाठी विरल्या. घंगाळ पुढच्या दिवाळीला मावशी स्वतः डोक्यावर घेऊन आली.

कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, माय, कावळ्याचं तू खरंच मानतेस का? ती पापड वाळत घालत होती, हातातली काठी कावळ्यांच्या दिशेनं भिरकावून म्हणाली, "मी? मी नही. तुन्हा बाप मानस."

नंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली. माझं लग्न तिनं केलं, गोटूला पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात नोकरी लागलेली पाहिली, त्याच्या पोरीला मांडीवर घेतलं. शेवटी वेगळ्याच दुखण्यानं गेली, दोन दिवसांत. आम्ही निरोप धाडले. मावशी तेव्हा पार म्हातारी झाली होती, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली. तोच उंच, नाकातला आवाज वेशीपासून ऐकू येत होता, गल्लीत वळला, जवळ आला. मी ओसरीवर बसले होते. पायरीशी आल्यावर मावशी एकदम गप्प झाली. बाकीच्या बायांनाही तिनं हात वर करून थांबवलं. दाराकडे तोंड करून ती उभी राहिली, डोळे मिटून, आणि नाकानं हवा ओढली. एकदा. पुन्हा एकदा. आत चूल थंड होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, पायरीवर बसली, आणि रडायला लागली.